सिनेमांची यादी सावरणाऱ्यांचे आभार

घरच्या सिनेमांची बिघडलेली यादी सावरून नाव न सांगताच गेलेल्या सोलापूरच्या जाणकारांचे मनापासून आभार. आधी प्रोग्रॅम बंद करून त्यांनी डेटाबेसची, म्हणजे यादी साठवलेली, फाइल कॉपी केली, तीही शेजारच्या 'वॅल' फाइलसकट (नव्या नोंदी आधी हिच्यात लिहिल्या जातात). ती सुटली की शेवटच्या नोंदी जाऊ शकतात. इंटिग्रिटी चेक, म्हणजे फाइल शाबूत आहे का याची तपासणी, 'ओके' आला. म्हणजे फाइल धड, अक्षरंच बिघडलेली: यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिपी साठवणारी पद्धत) मधला मजकूर विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचा जुना अक्षरतक्ता) म्हणून वाचला गेला, त्यामुळे एका 'क'च्या जागी तीन परकी चिन्हं. हे उलटं फिरवता येतं. मात्र हलंताच्या (अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाच्या) साठवलेल्या तीन बाइटांपैकी, म्हणजे आकड्यांपैकी, शेवटचा, ८डी, त्या तक्त्यात नाहीच. तो गळाला तिथली जोडाक्षरं त्यांनी हातानं जुळवली. नुसती प्रश्नचिन्हं उरलेली नावं परत येत नाहीत, ती डीव्हीडीच्या वेष्टनांवरून पुन्हा टाइप केली. केवढी चिकाटी!