लालबागच्या अभ्यासिकेतल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, पुढचं गणित काढ" म्हणून विषय मिटवता.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून फिजिक्स एकदम इंग्रजीत, आणि बारावीला हे इलेक्ट्रिक फील्ड, म्हणजे विद्युत क्षेत्र: चार्जच्या (विद्युत प्रभाराच्या) आसपास दुसऱ्या चार्जला बल जाणवेल अशी जागा. क्लासमध्ये सूत्र, किमती, उत्तर, चला पुढे. तुम्ही मात्र पाठकोऱ्या कागदावर एक ठिपका काढलात, थोड्या अंतरावर फुली मारलीत आणि विचारलंत, "फुलीवर काहीच ठेवलेलं नाही. मग तिथे फील्ड आहे की नाही?" आहे! ठिपक्यावरच्या चार्जमुळे आहे. फुलीवर दुसरा चार्ज आणला तर त्याला बल जाणवेल, पण फील्ड त्याची वाट बघत थांबलेलं नसतं.

मग ठिपक्यावर 2 नॅनोकूलॉम चार्ज (कूलॉम हे चार्जचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग) आणि फुली 3 सेंटिमीटरवर. सेंटिमीटरचे मीटर केल्याशिवाय तुम्ही पेन्सिल पुढे सरकू द्यायचा नाहीत. 0.03 चा वर्ग 0.0009. वर सूत्रातला स्थिरांक 9 × 10⁹ गुणिले चार्ज 2 × 10⁻⁹, म्हणजे सरळ 18. भागाकार 20,000 न्यूटन प्रति कूलॉम. अंतर 6 सेंटिमीटर केलं की 5,000. अंतराचा वर्गच का, यावर तुम्ही डोक्यावरच्या बल्बकडे बोट दाखवलंत: तोच उजेड दुप्पट त्रिज्येच्या गोलावर पडला तर चौपट जागेत वाटला जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलॉमने 1785 मध्ये तारेच्या पिळावरून बल मोजून हाच वर्गाचा नियम दाखवला, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण खरे आभार बाणांसाठी. "चिन्ह सूत्रात नाही, बाणात घालायचं." धन चार्ज असेल तर बाण त्याच्यापासून दूर, ऋण असेल तर त्याच्याकडे. +2 आणि −2 नॅनोकूलॉम एकमेकांपासून 6 सेंटिमीटरवर. बरोबर मधोमध फील्ड किती? चिन्हांसकट किमती घालून नुसती बेरीज करणाऱ्याला शून्य मिळतं. बाण काढले की दोन्ही एकाच दिशेला जाताना दिसतात आणि उत्तर येतं 40,000. शून्य येतं ते दोन्ही चार्ज सारखे आणि एकाच चिन्हाचे असताना. गणपतीत बाहेर रांगा आणि लाऊडस्पीकर, आणि आत खिडक्या लावून तुम्ही हे समजावताय. अशी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

आई म्हणतेय, रविवारी जेवायलाच या. येताना पेन्सिल आणा, कपॅसिटर सुरू झालाय.

तुमची विद्यार्थिनी