आहारतज्ज्ञ ताई, त्या टक्केवारीच्या हिशेबासाठी आभार

आदरणीय ताई,

अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तुम्ही जे शिकवलंत, त्याबद्दल हे पत्र. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून जाहीरपणे लिहितो आहोत.

पोटावरच्या चरबीने पोटातला दाब वाढतो, आम्ल वर येतं, वर्षानुवर्षांच्या जळजळीने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलतं आणि काहींना त्यातून अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा अन्ननलिकेचा कर्करोग होतो. (या कर्करोगाचा स्क्वेमस प्रकार वेगळा, त्याचं नातं तंबाखू आणि दारूशी.) इतकं आम्हाला पाठ होतं.

नजरेतून सुटायचं ते पुढचं. रुग्ण स्थूल असला की 'अंगात साठा आहे, थोडं उतरलं तर बरंच' असं वाटायचं. तुम्ही केसपेपरवरच गणित मांडलंत: उंची १६५ सेंमी, सहा महिन्यांपूर्वी ९६ किलो, आज ८४. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अजून ३०च्या वर, म्हणजे कागदावर लठ्ठच. पण १२.५ टक्के वजन गेलंय, आणि तेही घास गिळवत नाही म्हणून. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त गेलं की कुपोषणाचा धोका मोठा, मग पोट कितीही सुटलेलं असो! चरबीआड मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू झिजलेले असतात, आणि शस्त्रक्रियेनंतर खोकून कफ काढायला, उठून चालायला तेच लागतात.

नंतरचं तुमचं शिकवणंही तितकंच बारीक. अन्न देण्यासाठी आतड्यात घातलेल्या नळीत दर चार तासांनी आणि औषधाच्या आधी-नंतर ३० मिली कोमट पाणी. सिरिंज ५० मिलीचीच, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फुटू शकते. तोंडाने खाणं सुरू झालं की दिवसात सहा-आठ वेळा थोडं थोडं, आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. काढलेल्या अन्ननलिकेच्या जागी जठराची आता अरुंद नळी झालेली असते. भरभर खाल्लं की अन्न थेट आतड्यात उतरतं, घाम फुटतो, धडधडतं. अन्न वर येऊ न देणारी झडप उरलेली नसते, म्हणून डोक्याकडची बाजू उंच ठेवायची आणि झोपण्याआधी दोन-तीन तास काही खायचं नाही.

घरी गेल्यावर 'बारीक झालात, छान!' म्हणणाऱ्या नातेवाइकांना तुम्ही बाजूला घेऊन समजावता. दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी, वजन करून वहीत लिहायला लावता. सलग दोन आठवडे उतरलं तर फोन करायला सांगता. तुमच्या त्या वह्या आता आम्हीही दर तपासणीला आधी मागतो.

तुमचे,
शस्त्रक्रिया विभागातले सहकारी