ते झाड पाडू नकोस

रामबाग, इंदूर

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि सोबतचा फोटो पाहून मी उडालोच. हा उंदीर तुझ्या मळ्यातले मिरीचे घोस फस्त करतो, म्हणून विष ठेवायचं आणि त्याची ढोली असलेलं जुनं झाडही पाडायचं, असं तुझा मुकादम म्हणतो. बाबा रे, थांब. आधी हे वाच, मग काय ते ठरव.

फोटो मोठा करून बघ. पाठीवर केसांतून चपटे काटे आहेत, पण अंगाला चिकटून बसलेले, म्हणून लांबून साधा तपकिरी उंदीर वाटतो. शेपूट मात्र लपत नाही. मुळाशी केस तुरळक, टोकाला बाटली धुवायच्या ब्रशसारखा पांढुरका झुपका. हा मलबारचा काटेरी डॉरमाउस! एडवर्ड ब्लाइथ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1859 साली त्याचं वर्णन केलं. दक्षिण सह्याद्री सोडला तर जगात तो कुठेही नाही. खऱ्या डॉरमाउसांच्या, म्हणजे झुपकेदार शेपटीच्या उंदरासारख्या प्राण्यांच्या, कुळातला तो नव्हेच. त्याचे भाऊबंद थेट दक्षिण चीन आणि व्हिएतनामच्या डोंगरांत. ते अंधारात वटवाघळांसारखे आवाज सोडून पडसादांवर वाट काढतात, हे 2021 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. होळकर कॉलेजात असताना हे कळलं असतं तर आपण दोघं रात्रभर त्यावरच बोलत बसलो असतो.

मुकादम खोटं बोलत नाही. मिरी, फणस यांवर तो धाड घालतोच, ताडीची मडकीही सोडत नाही. पण तुमच्या केरळातल्या कुमळीच्या वरच्या रानात कुलेनियाची झाडं आहेत ना, ड्युरियनच्या कुळातली, फांद्यांनाच फुलांचे गुच्छ लागणारी? रात्री हा त्या फुलांवर मधासाठी येतो आणि पराग अंगावर घेऊन पुढच्या झाडावर जातो. वटवाघळंही ते काम करतात, पण याचा वाटा कमी लेखू नकोस. त्याच झाडाच्या फुला-फळांवर सिंहपुच्छ वानरांचं पोट चालतं. विष ठेवलंस तर विष खाल्लेला उंदीर पकडणारी घुबडंही जातील.

दिवसभर तो ढोलीत पानं अंथरून झोपलेला असतो. झाड गेलं की घरच गेलं, आणि अशी ढोली तयार व्हायला झाडाचं अख्खं म्हातारपण लागतं. त्यापेक्षा घोसातले एक-दोन दाणे लाल झाले की लगेच तोडणी सुरू करा, पिकलेले घोस वेलावर ठेवू नका. वेल चढवलेल्या पांगाऱ्याच्या शेंड्याकडचे चार घोस गेले तर जाऊ देत, शिरीष. तेवढं मी हक्काने मागतोय.

मुकादमाला हे पत्र वाचून दाखव, मल्याळममध्ये तूच समजावून सांग. झाडाचं काय ठरलं ते मात्र लगेच कळव, माझा जीव टांगणीला लागलाय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंता