आवाहन : रविवारचे दोन तास आणि आपला तिसरा हिस्सा

बडोद्यातल्या सर्व मराठी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. ते दिवस आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. पाणी ओसरल्यावर आपल्या मराठी मंडळाची माणसं शिधा, चादरी, फिनेल घेऊन घरोघर फिरत होती. एका घरात मावशींनी शिधा बाजूला ठेवला आणि आम्हाला पलंगाशी नेलं. पलंगावर कागद वाळत घातले होते : रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. शाई उतरून सगळे कागद निळसर झाले होते. लॅमिनेट केलेलं आधारकार्ड तेवढं शाबूत होतं. मावशी म्हणाल्या, "साहेब, धान्य उधारीवर तरी मिळेल. हे कुठून आणू?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, आणि त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे. तीस वर्षं मी राज्याच्या महसूल खात्यात काढली. 'पूर्तता करून पुन्हा सादर करावे' हा शेरा मी अगणित अर्जांवर लिहिला असेल. एकदा एका विधवा बाईंचा मदतीचा अर्ज मी नावात फरक म्हणून दोनदा परत केला. एका कागदावर गायकवाड हे आडनाव इंग्रजीत 'ई' घालून लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'आय' घालून. नियमाप्रमाणे माझं चुकलं नव्हतं. बाई तिसऱ्यांदा आल्याच नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत याची चौकशी मी केली नाही. ती करायला हवी होती. आज विधवांसाठीच्या गंगास्वरूपा योजनेत महिन्याला 1,250 रुपये मिळतात. एकट्या बाईच्या घरात तेवढ्यात किराण्याचा बराचसा भाग निघतो.

गांधीनगरला योजना नीट विचार करून आखल्या जातात, हे मी आतून पाहिलं आहे. पैशाची तरतूदही असते. त्या अडतात त्या खिडकीशी. खिडकीमागचा कारकून वाईट नसतो. समोर रांग लागलेली असताना 'कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल, तिथे काय सांगायचं' हे प्रत्येकाला समजावत बसायला त्याला वेळ नसतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला एका फेरीसाठी दिवसाची कामं सोडावी लागतात. अर्जाची फी किरकोळ असते, बुडालेला रोज किरकोळ नसतो. खानदेशातून लग्न होऊन किंवा कामासाठी बडोद्यात आलेल्या आपल्या कितीतरी भगिनींना गुजराती बोललेलं समजतं, पण छापील गुजराती अर्ज वाचता येत नाही. मग कचेरीबाहेर उभा असलेला एजंट हाच त्यांचा आधार होतो.

म्हणून मंडळाने ठरवलं आहे की आपल्या वाचनालयाच्या खोलीत दर रविवारी सकाळी 10 ते 12 एक मदतीचं टेबल मांडायचं. कागद तपासायचे, अर्ज भरून द्यायचा, आणि कोणत्या कचेरीत कोणत्या क्रमाने जायचं ते मराठीत एका चिठ्ठीवर लिहून द्यायचं. गरज असेल तिथे सोबत माणूस पाठवायचा.

माहितीच्या अभावी माणसं किती हेलपाटे घालतात याचं एक उदाहरण देतो. आवकेचा, म्हणजे उत्पन्नाचा दाखला आपल्या राज्यात तीन वर्षं चालतो, तरी अनेक पालक तो दर जूनमध्ये नव्याने काढायला धावतात. पुरात कागद गेला म्हणजे सगळं गेलं, असंही कित्येकांना वाटतं. कागद गेला तरी नोंद जात नाही. मृत्यूची नोंद महानगरपालिकेकडे असते, विद्यार्थ्याची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरात असते, रेशनकार्डाची दुय्यम प्रत मिळते. त्या मावशींना हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते सांगायला आम्हाला दोन आठवडे लागले.

हे सरकारचं काम आहे, मंडळाने का करावं, असं काहींनी बैठकीत विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला आपल्याच शहराच्या इतिहासात सापडतं. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना बोलावून बडोदा संस्थानभर ग्रंथालयं उभी करायला घेतली. तेव्हा पद्धत अशी होती की गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच दरबाराने. गावाचा तिसरा हिस्सा पडल्याशिवाय पेटी उघडत नसे. महाराजांना सगळा खर्च एकट्याने झेपला नसता असं नाही. पण स्वतःचे पैसे घातले की गाव त्या वाचनालयाची विचारपूस करतं, किल्ली कुणाकडे आहे ते पाहतं, हे त्यांनी ओळखलं होतं. नोकरीत लोकसहभागाची कितीतरी परिपत्रकं वाचली. या साध्या हिशेबाइतकं पटलेलं त्यांत काही आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण महाराजांनी 1893 मध्ये आधी अमरेली तालुक्यात करून पाहिलं आणि 1906 मध्ये सबंध राज्याला लागू केलं. आपणही एका टेबलापासून सुरुवात करतो आहोत. सहा महिने चालवून, काय चुकलं ते पाहूनच पुढचं ठरवू.

आता आपल्याकडून काय हवं ते सांगतो. सगळ्यात आधी माणसं हवीत. बँकेतून, शाळेतून, कचेरीतून निवृत्त झालेल्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. गुजराती आणि मराठी दोन्ही वाचता येणारी, मोबाइलवर डिजिलॉकर (कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप) उघडून देणारी कॉलेजची मुलं तर हवीच हवीत. पैसे लागतील ते प्रिंटर-स्कॅनरसाठी, कागद ठेवायच्या जलरोधक पाकिटांसाठी आणि चालता न येणाऱ्या वृद्धांच्या रिक्षाभाड्यासाठी. रक्कम कितीही चालेल, पण पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. दर महिन्याचा हिशेब वाचनालयाच्या फलकावर लागेल. जुना पण चालू स्थितीतला प्रिंटर कुणाकडे पडून असेल तर तोही आनंदाने घेऊ.

दोन बंधनं आम्ही स्वतःवर घालून घेतली आहेत. येणाऱ्याकडून मोबदला घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही. आणि कुणाच्याही आधारकार्डाची वा पासबुकाची प्रत टेबलावर ठेवून घ्यायची नाही, काम झालं की कागद मालकाच्या हातात. मंजुरीची हमी आम्ही देणार नाही. अर्ज कागदांअभावी परत येऊ नये, एवढीच जबाबदारी घेतो.

ज्यांना यायचं आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी साडेनऊला वाचनालयात यावं. त्या मावशी सकाळी दहाला येणार आहेत. त्यांच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्याचं काम अजून बाकी आहे, पहिला अर्ज त्यांचाच भरू.

आपला,
अध्यक्ष
(निवृत्त अधिकारी, राज्य महसूल खाते)