अंगठा माझाच होता

मा. संपादक साहेब, नमस्कार,

दहावीचा निकाल लागला की आपल्या पेपरात दरवर्षी एक बातमी असते, ऊसतोड कामगाराच्या मुलाने जिद्दीने मिळवले अमुक टक्के. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या कंपनीत परवा जेवणाच्या सुट्टीत एकजण ती बातमी दाखवत म्हणाला, गरिबीच माणसाला घडवते, आपली पोरं लाडावलीत, आणि मला घास गिळवेना म्हणून हे पत्र.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा, आईबाप त्याच्याकडून आधीच घेतलेली उचल फेडायला सांगली कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात, ते डायरेक्ट गुढीपाडव्याच्या आसपास परत. नवराबायको मिळून एक कोयता, पोरं त्या हिशोबात कुठंच नाहीत. घरी मी, धाकटी बहीण आणि डोळ्यांनी कमी दिसणारी आजी. नवव्या वर्षी भाकरी थापायला शिकलो, पहिल्या तर अशा की कुत्रं पण वास घेऊन निघून जायचं, ओलं सरपण कसं पेटवायचं, दुकानदार उधारी नाही म्हणाला तरी तिथंच उभं कसं राहायचं, सगळं आपोआप आलं. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागायची, वडील अंगठेबहाद्दर, म्हणून मी माझाच अंगठा उठवून द्यायचो. गुरुजींनी एकदा त्या इवल्याशा ठशाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काही न बोलता पुस्तक ठेवून घेतलं.

पण जे आपोआप येत नाही त्याचं काय? दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म भरायला गेलो तेव्हा रांगेत पुढच्या पोराने टर्नर लिहिलं म्हणून मी पण टर्नर लिहिलं, टर्नर म्हणजे लेथ मशीनवर काम करणारा हे अ‍ॅडमिशन झाल्यावर कळलं. स्कॉलरशिपची तारीख निघून गेली, कारण कुणाला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आजही ताप आला तर बायकोला सांगत नाही, ती म्हणते तू स्वाभिमानी नाही, अडाणी आहेस, आणि तिचं बरोबर आहे.

2021 ला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर झाली, काही भाड्याच्या बिल्डिंगमध्ये सुरू पण झाली. आपल्या पेपरने निकालाच्या फोटोसोबत दिवाळीनंतर पण एक बातमी करावी, त्यातली किती चालू आहेत, किती पोरं राहतात, आणि तोडीच्या हंगामापुरतं पोरांसाठी गावातच चालणारं हंगामी वसतिगृह ट्रक गेल्या दिवसापासून चालू होतं की महिन्याने.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो, शेजारचं पाचवीतलं पोरगं चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेलं. त्याची आजी कौतुकानं म्हणाली, लई शहाणं हाय, कायबी मागत नाही.

आपला एक वाचक,
चाकण