एंगाडीन खोऱ्यातील स्की सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: स्कीमार्गांची चुकीची माहिती, चुकीचे साहित्य आणि परताव्याची मागणी

महोदय,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे आपल्या कंपनीच्या सहलीने स्वित्झर्लंडमधील एंगाडीन खोऱ्यात गेलो होतो. आपल्या माहितीपत्रकात मालोया गावाहून सिल्स आणि सिल्वाप्लानाच्या गोठलेल्या तलावांवरून जाणाऱ्या स्कीमार्गाचा एक पूर्ण दिवस ठळकपणे छापला होता आणि १९६९ साली सुरू झालेली ४२ किलोमीटरची एंगाडीन स्की मॅरेथॉन याच मार्गाने जाते, असेही नमूद केले होते. ती शर्यत मार्चमध्ये असते, हे मात्र कुठेही लिहिले नव्हते. आम्ही पोहोचलो तेव्हा तलावांवरचा मार्ग बंद होता, कारण बर्फ अजून माणसांचा भार पेलण्याइतका जाड झाला नव्हता. थंडी कधी पडावी हे आपल्या हाती नाही, हे मान्य आहे. परंतु ज्या मार्गाचे पैसे घेतले तो डिसेंबरमध्ये सुरू असतो का, याची चौकशी करणे नक्कीच आपल्या हाती होते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. आम्ही सर्व नवशिके असून आम्हाला क्लासिक पद्धत शिकवली जाईल, असे नोंदणीच्या वेळी आपण लेखी कळवले होते. क्लासिक पद्धतीत यंत्राने पाडलेल्या दोन समांतर खाचांतून चालायचे असते आणि त्यासाठीच्या स्कीला पायाखाली पकड असते, म्हणून चढावर पाय मागे घसरत नाही. आम्हाला मिळाल्या त्या स्केटिंग पद्धतीच्या, म्हणजे पाय आळीपाळीने बाजूला ढकलत घसरण्यासाठीच्या, बिनपकडीच्या स्की. पोंत्रेसिना गावाहून वाल रोझेग या दरीत जाणाऱ्या चढावर माझी मुलगी वारंवार पडली आणि तिचे मनगट मुरगळले. स्की बदलून देण्याची विनंती केल्यावर आपल्या मार्गदर्शकाने ‘सगळ्या सारख्याच असतात’ असे उत्तर दिले.

त्याच दिवशी मार्गदर्शकांनी स्की न करणाऱ्या माझ्या ६८ वर्षांच्या आईला आखीव स्कीमार्गावरूनच चालत नेले. पायी चालणाऱ्यांसाठी तेथे गुलाबी पाट्यांची वेगळी हिवाळी वाट आहे. वळणावरून वेगाने आलेली एक महिला आईला चुकवताना पडता पडता वाचली. शिवाय पावलांचे खड्डे रात्री गोठून कडक होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांत कोणाचीही स्की अडकू शकते. इतक्या निगुतीने राखलेला मार्ग आमच्यामुळे खराब झाला, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

तरी तलावमार्गाच्या दिवसाचे आणि स्की साहित्याच्या भाड्याचे पूर्ण पैसे, तसेच मुलीच्या उपचारांचा खर्च १५ दिवसांत परत मिळावा. डिसेंबरच्या सहलींच्या माहितीपत्रकातून तलावमार्ग त्वरित वगळावा आणि या मार्गांची प्रत्यक्ष माहिती असलेलाच मार्गदर्शक यापुढे पाठवावा, ही विनंती. पावत्या, नोंदणीचा ईमेल आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
सहलीतील एक ग्राहक