खोलीचे भाडे आणि कापलेला क्लेम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. रात्री साडेदहाला तिला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेले. काउंटरवरच्या मुलाने मेडिक्लेमचे कार्ड घेतले, "कॅशलेस होऊन जाईल काका," म्हणाला आणि विचारले, "रूम कुठली देऊ? सेमी की सिंगल?" आई कण्हत होती. सेमी म्हणजे दोन रुग्णांची खोली. तिच्याजवळ आम्हा दोघांना बसता यावे म्हणून मी सिंगल सांगितली. दिवसाला दीड हजार जास्त, सहा दिवसांचे नऊ हजार. आईपुढे नऊ हजारांचे काय, असा मी विचार केला.

डिस्चार्जच्या दिवशी बिल झाले २ लाख ३१ हजार. कंपनीने मंजूर केले १ लाख ५१ हजार. उरलेले ८० हजार आम्ही भरले, त्यातले निम्मे मेव्हण्याकडून उसने घेऊन. मी चादरीच्या कारखान्यात ३२ वर्षे हिशेब लिहिला आहे, तरी ही कपात कशी झाली हे कळायला मला चार रात्री कागद घेऊन बसावे लागले. ते इतर वाचकांना आधीच कळावे म्हणून हे पत्र.

आमची पॉलिसी ३ लाखांची. तिच्यात खोलीभाड्याला रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपयांची मर्यादा होती. मी घेतलेली खोली ४,५०० ची. कंपनी फक्त वरचे दीड हजार कापेल असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. ३,००० म्हणजे ४,५०० चे दोन तृतीयांश, म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिटा या सगळ्याचेही दोनच तृतीयांश मिळतात. हे आमचे ८४ हजार होते, त्यातले २८ हजार गेले. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. खोली भारी घेतली की बऱ्याच रुग्णालयांत सर्जनची फीसुद्धा वाढते, ते यामागचे कारण. जिथे फी खोलीप्रमाणे बदलत नाही, तिथे कंपनीला ही कपात करताच येत नाही. आमच्याकडे बदलत होती, त्यामुळे ते २८ हजार आणि खोलीचे नऊ हजार मी मुकाट्याने सोडले.

पण कंपनीने इम्प्लांटच्या ६६ हजारांतूनही एक तृतीयांश कापले होते. औषधांतून आणि तपासण्यांतूनही. रुग्ण जनरल वॉर्डात असो की सिंगल रूममध्ये, हाडात बसवलेल्या सळीची किंमत तीच राहते. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू होत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. हे कळल्यावर मी तपशीलवार बिल मागायला गेलो. आधी दिलेल्या कागदावर 'फार्मसी', 'प्रोसिजर' अशा जेमतेम सहा ओळी होत्या. "एवढं डिटेल कोणी मागत नाही काका," असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा अकरा पाने हातात पडली. हातमोजे, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, शिवाय आत काय होते हे न लिहिलेले एक 'किट'. या वस्तूंचे पैसे कंपन्या सहसा देत नाहीत, त्याची यादीच ठरलेली आहे. फाइल चार्जेस म्हणून वेगळे ५०० लावले होते, खरे तर विम्याच्या यादीत ते खोलीभाड्यातच धरलेले असतात. या सगळ्याचे साडेचार हजारही आमचेच गेले.

ती पाने, इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर आणि एक साधा अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. अर्जात एकच मागणी होती: औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर कपात कोणत्या कलमाने केली, ते लिहून द्या. कलम काही आले नाही, पण महिन्याभरात ३८,५०० रुपये खात्यात जमा झाले. नसते झाले तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार होतो. सोलापूर त्यांच्या कक्षेत येते, फी लागत नाही, वकीलही लागत नाही, फक्त कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते.

डिस्चार्जचेही सांगतो. डॉक्टरांनी सकाळी अकराला घरी जायला सांगितले, आम्ही निघालो रात्री आठला. दिवसभर "कंपनीचे अप्रूव्हल आले नाही" एवढेच ऐकवले. मे २०२४ पासून अंतिम मंजुरी तीन तासांत देणे कंपनीवर बंधनकारक आहे, मात्र ते तीन तास रुग्णालयाने कागद पाठवल्यापासून धरतात. आमचे बिल पाठवलेच होते सव्वापाच वाजता. बाकावर माझ्या शेजारी इंडीहून आलेले एक कुटुंब बसले होते. त्यांची शेवटची गाडी चुकली आणि आजारी माणसाला घेऊन त्यांना रात्र लॉजमध्ये काढावी लागली. बिल किती वाजता पाठवले, हे नातेवाइकांना तिथल्या तिथे सांगायला काय हरकत आहे?

सोलापुरात नुसते शहरातले नाही, तर अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरपासून विजयपुरापर्यंतचे रुग्ण येतात. यंत्रमागावरच्या आणि विड्या वळणाऱ्या घरांतली माणसे मुलाच्या नोकरीतून मिळालेले कार्ड घेऊन येतात आणि त्या कार्डावर खोलीची मर्यादा छापलेली नसते. २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागाने ते खरोखर लावले आहे का, हे फिरून पाहावे.

आणि शहरातल्या सर्व रुग्णालयांना माझी विनंती आहे. दाखल करताना ज्या फॉर्मवर आमची सही घेता, त्यावर आणखी दोन ओळी छापा: पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा किती आणि घेतलेल्या खोलीचे भाडे किती. कॅशलेसच्या चौकशीत ही मर्यादा टीपीएला, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेमचे काम पाहणाऱ्या संस्थेला, विचारता येते. रात्री साडेदहाला ते दोन आकडे एकाखाली एक दिसले असते, तर मी सेमी रूम घेतली असती आणि आईजवळ खुर्ची टाकून बसलो असतो.

आपला,
अक्कलकोट रोडवरील एक वाचक, सोलापूर